मनुका

शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारीच धर्मशिक्षण.
अहमदीच्या चर्चमागे पत्र्याची एक खोली,
खिडकीतला कूलर सारखा खोकायचा
आणि बेनेडिक्टा टीचर त्याच्यावर आवाज चढवून
आम्हाला आमचे आत्मे समजावून सांगायच्या.

आत्मा म्हणजे हा रुमाल.
खरंच आणला होता त्यांनी, इस्त्रीचा,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने त्यांचं नाव.
खोटं बोललात, शाईचा एक थेंब.
भावाला मारलंत, आणखी एक.
मोठ्या पापाची वेळ आली तेव्हा
त्यांनी दौतच उपडी केली
आणि पुढच्या बाकावरचा जोकिम रडायला लागला.

पापं नुसती आठवायची नसतात, मोजायची असतात.
किती वेळा, असं फादर विचारतात.
मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या,
बा साईटवर सिमेंटच्या गोण्या मोजायचा तशा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
आज्ञाभंग अकरा.
प्रार्थनेत झोप सहा.
व्यभिचार म्हणजे काय ते टीचरनी सांगितलं नाही,
तिथे एक रेघ मारून ठेवली,
असू दे म्हणून.

मग त्या मुलीची गोष्ट,
जिने लाजेपोटी एकच पाप लपवलं
आणि तसंच ख्रिस्तशरीर घेतलं.
वेदीवरून परत येताना
तिच्या पांढऱ्या बुटांतून धूर निघाला.

माझ्याकडे एक होतं.

आमच्या न्हाणीघरात, धुण्याच्या टबामागे,
निळा ड्रम. त्यात मनुका, साखर, पाणी, यीस्ट.
रात्री तो स्वतःशीच बोलायचा.
आय त्याच्यावर ओला टॉवेल टाकायची
आणि माझी हनुवटी धरून म्हणायची,
कुणाला सांगशील तर बाला विमानात बसवतील.
एकट्याला.
एरवी विमान हा आमच्या घरात
सुखाचा शब्द होता.

गुरुवारी संध्याकाळी पहिलं कुमसार.
प्लायवूडची जाळी, पलीकडे फादर एल्विओंचा कान,
मोठा, केसाळ, देवाचा असावा इतका जवळ.
अकरा, म्हटलं. सहा, म्हटलं.
व्यभिचार एकदा.
ते बराच वेळ खोकले.
मग, आणखी काही?

आत सगळं सांगायचं.
बाहेर कुणाला काही सांगायचं नाही.
मी आठ वर्षांची, गुडघ्यांखाली फळी,
आणि कूलर नेमका तेव्हाच बंद.

नाही, फादर.

तीन नमो मारिया मिळाल्या.
पश्चात्तापाची प्रार्थना मला तोंडपाठ होती,
फक्त 'मनापासून'पाशी अडखळले.
दुसऱ्या दिवशी सगळी मिस्सा
मी खाली बघत काढली.
बूट चावत होते. बाकी काही नाही.

त्यानंतर महिन्याभराने, दिवेलागणीला,
दारावर टकटक. फादर एल्विओ,
झग्याशिवाय, चौकटीच्या शर्टात,
कुणाच्याही मामासारखे.
बाने न्हाणीघरातून दोन बाटल्या आणल्या
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
वेदीसाठी की जेवणासाठी,
मला आजही माहीत नाही.
आणखी काही, फादर? बाने विचारलं.
नाही, ते म्हणाले,
आणि बाटल्या पिशवीत ठेवताना
माझ्याकडे बघून हसले,
पहिल्यांदाच बघतोय असे.

मी बारा वर्षांची असताना, ऑगस्टात, आम्ही पळालो.
बसने बगदाद, ट्रकने सरहद्द, मग तंबू,
मग अम्मानहून बाला विमानात बसवलं.
आम्हालाही. आय रडत होती ते सुखाने नाही
आणि दुःखानेही नाही, तिला उलटी येत होती.
वसईत पोचल्यावर तिने पहिलं वाक्य बोललं,
ड्रमवर टॉवेल टाकायचा राहिला.

दार फोडून कुणी शिरलं असेल, नसेल.
मला ते घर रिकामंच दिसतं,
वीज गेलेली, पंखे थांबलेले, पन्नास डिग्री,
आणि न्हाणीघरात झाकण उचलून
तो एकटा सांगत बसलाय,
बुडबुड, बुडबुड,
कुणी विचारलं नसताना,
किती वेळा तेसुद्धा.